बोलावणं नसलेला दिवस

वर्षातून एक दिवस रादिवोये चिर्कोविच मोठा माणूस होई. एरवी तो लिस्बनमधल्या त्याच्या देशाच्या चिमुकल्या दूतावासातला वाणिज्यदूत होता. कोणाचा पासपोर्ट हरवलेला, कोणी खलाशी बंदरात उतरून जहाजावर परत न गेलेला, कोणा फुटबॉलपटूला इथल्या मुलीशी लग्न करायचं म्हणून दाखले हवेत, असल्या कामांत त्याची सकाळ जाई आणि दुपारही. सगळे त्याला 'रादे' म्हणत, लहान असतील ते 'रादेकाका'. पण नोव्हेंबरात प्रमुख देवदूत मिखाइलचा दिवस आला की त्याच्या घरी स्लाव असे, आणि त्या दिवशी दारात पाऊल टाकणारा प्रत्येक जण, अगदी राजदूतबाईसुद्धा, त्याला 'यजमान' म्हणे.

स्लाव म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. कुलदैवतच म्हणा. बापाकडून मुलाकडे येतो तो. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं. आमंत्रण दिलं तर ती स्लाव कसली, ती मेजवानी. ज्याला ठाऊक आहे तो आपणहून येतो, ज्याला यायचं नाही तो येत नाही, आणि यजमान सकाळी मेणबत्ती लावून दाराकडे कान देऊन उभा राहतो. बसायचं नाही, चर्चमधून आलं की घर सोडायचं नाही. आलेल्याला वाढायचं.

रादिवोयेला हे उभं राहणं फार आवडे. त्याची बायको देसांका म्हणे, "बाकी वर्षभर हा माणूस खुर्ची शोधत असतो, आणि आज बघा."

सप्टेंबरात वुकाशिन आला आणि सगळं बिनसलं.

तसं वुकाशिनने काहीच केलं नव्हतं. तो बेलग्रेडहून बदलून आलेला नवा प्रथम सचिव, वय तिशीच्या आसपास, उंच, आणि हसला की समोरच्यालाही हसायला येई असा. रादिवोयेने त्याच्यात खोट शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. सापडली नाही, हीच त्याला मोठी खोट वाटली. पहिल्या बारा महिन्यांत रादिवोयेला जितकी पोर्तुगीज आली होती तितकी या पोराला दोन महिन्यांत आली, तीही गाण्यासारखी. राजदूतबाई पूर्वी महत्त्वाचा मजकूर बेलग्रेडला पाठवण्याआधी रादिवोयेकडे वाचायला देत. आता त्या वुकाशिनच्या खोलीत स्वतः चालत जात, सिगारेट ओढत ओढत, आणि आतून हसण्याचा आवाज येई. रादिवोये आपल्या खिडकीमागे बसून तो आवाज ऐके आणि एखाद्या खलाशाला उगाच दटावी.

पण खरा घाव ऑक्टोबरातल्या समारंभात बसला. समारंभात राजदूताच्या डाव्या खांद्यामागे एक माणूस उभा असतो. समोरून पाहुणा येताना दिसला की त्याने हळूच कानात सांगायचं, हा कोण, कुठला, बायकोचं नाव काय, मागच्या वेळी काय बोलणं झालं होतं. राजदूत मग हात पुढे करून म्हणतो, "अरे वा, मारिया कशी आहे?" आणि पाहुणा खूश. ही जागा रादिवोयेची होती. मिनिटभर का होईना, राजदूत त्याच्या तोंडून बोलत असे. त्या संध्याकाळी तो स्वच्छ इस्त्रीचा कोट घालून गेला, तर त्या जागेवर वुकाशिन आधीच उभा. राजदूतबाई वळून म्हणाल्या, "रादे, आज तू आराम कर. तुझे पाय दुखतात ना?"

त्याचे पाय कधीच दुखत नव्हते. त्या दिवसापासून दुखू लागले.

घरी येऊन तो देसांकाला म्हणाला, "पुढे पुढे करतो नुसता."

"कोण?"

"तोच. वूले." सगळे वुकाशिनला वूले म्हणत.

"परवा तुझी पिशवी तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यानेच आणून दिली."

"तेच म्हणतोय मी."

नोव्हेंबर उजाडला. एके सकाळी दूतावासाच्या स्वयंपाकघरात कॉफी होत होती. व्हिसाचं काम बघणारी यागोदा आणि ड्रायव्हर मिलुटिन तिथे होते. रादिवोये आत शिरला तेव्हा यागोदा म्हणत होती, "ऐकलंत का रादेकाका? वूलेचा संतही मिखाइलच! एकाच दूतावासात दोन मिखाइल. आता आम्ही जायचं कुठे?"

"दोन्हीकडे," मिलुटिन म्हणाला. "मला काय, गाडी आहे, पोट आहे."

"पण आधी कुठे?"

"आधी जिथे रकिया चांगली तिथे."

फळांच्या त्या कडक दारूच्या नावाने दोघं हसली. रादिवोयेने कॉफीचा कप हातात घेतला. आधी कुठे. राजदूतबाई आधी वूलेकडे जातील, तिथे पोटभर जेवतील, गातील, आणि मग संध्याकाळी रादेकडे पाच मिनिटं डोकावतील, पाय दुखणाऱ्या म्हाताऱ्याला भेटायला जातात तसं. त्याला ते चित्र अगदी खिडकीच्या काचेवर उमटावं तसं दिसलं. आणि मग तो बोलला. काय बोलणार आहे हे बोलेपर्यंत त्यालाही ठाऊक नव्हतं.

"वूले कुठली स्लाव करतोय? त्याचे वडील आहेत ना उझित्सेला. बाप असेपर्यंत मेणबत्ती बापाची. मुलगा इथे वेगळी कशी लावेल?"

"अगंबाई, खरंच की," यागोदा म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती.

"मग प्रश्नच मिटला," मिलुटिन म्हणाला. "पण रादेकाका, रकिया मात्र मागच्या वर्षीचीच ठेवा हां."

वुकाशिनचे वडील आहेत हे रादिवोयेला कोणी सांगितलं नव्हतं. तो ते धरून चालला होता. इतका निश्चिंत हसणारा माणूस, ह्याच्या डोक्यावर बापाचं छत्र असणारच, असं त्याला मनापासून वाटत होतं. निदान तो स्वतःला तसं सांगत होता. खोटं असं काही आपण बोललो नाही. बोललो ती रीत बोललो. आणि रीतीची गंमत अशी की वुकाशिनला कोणी काही विचारणार नव्हतं. स्लावेबद्दल पाहुण्याने विचारायचं नसतं आणि यजमानाने बोलवायचं नसतं. एकदा गेलेला शब्द परत वळायला वाटच नव्हती.

स्लावेला आठवडा उरला असताना जिन्यात त्याला वुकाशिन भेटला. हातात दोन पिशव्या, केसांवर पावसाचे थेंब.

"काका, एक मिनिट आहे? तुम्हालाच विचारणार होतो. दुसऱ्या कोणाला विचारायची लाज वाटते."

"बोल."

"तुमच्याकडे गहू शिजवतात का हो? आमची आजी म्हणायची, गहू मेलेल्यांसाठी, आणि मिखाइल तर देवदूत, तो कुठे मेलाय? आमच्या घरात कधीच शिजवला नाही. माझ्या तेओदोराच्या माहेरी मात्र म्हणतात, असं चालत नाही, चर्चने सांगितलंय, शिजवाच."

"आमच्याकडे शिजवतात," रादिवोये म्हणाला, जरा ताठ होऊन. "गव्हाशिवाय स्लाव म्हणजे काय मग?" मग त्याच्या लक्षात आलं की हा पोरगा काय विचारतोय. "पण तू कशाला... तुझे वडील बघतील ना ते."

वुकाशिनने पिशव्या खाली ठेवल्या.

"बाबा जूनमध्ये गेले, काका. इथे कोणाला बोललो नाही मी. नव्या जागी येऊन पहिलं रडगाणं कशाला. यंदा पहिल्यांदाच मेणबत्ती मी लावणार." तो हसला, पण त्या हसण्याने रादिवोयेला हसायला आलं नाही. "एक सांगा. येतील का हो कोणी? बोलवता तर येत नाही. बाबांकडे पाय ठेवायला जागा नसायची. तेओदोरा म्हणते, दोनच ताटं मांडू. मी म्हटलं, नाही, सगळ्यांची मांडायची."

आत्ता. आत्ता सांगावं, हे रादिवोयेला समजलं होतं. अरे, मी चुकीचं बोलून बसलोय, उद्या कॉफीच्या वेळी नीट करतो. एवढंच वाक्य. ते जिभेवर आलंही होतं.

"येणाऱ्याला बोलवावं लागत नाही," तो म्हणाला.

"हे बाबाही म्हणायचे," वुकाशिन म्हणाला, आणि त्याने रादिवोयेचा हात घट्ट दाबला.

मधल्या दिवसांत सांगायला सवड पुष्कळ होती. एकदा तो यागोदाच्या टेबलापर्यंत गेलाही. पण नेमक्या त्याच वेळी खाली अंगणात राजदूतबाई गाडीत बसत होत्या आणि शेजारी वुकाशिनला बसवून घेत होत्या, मागे, आपल्या बाजूला, जिथे रादिवोयेला त्यांनी कधी बसवलं नव्हतं. त्याने यागोदाकडून स्टेपलर मागून घेतला आणि परत आला.

यंदा स्लाव शुक्रवारी, म्हणजे उपासाच्या वारी आली होती, त्यामुळे मांस नाही, मासळी. सकाळी दोघंही आपापला स्लावेचा पाव घेऊन चर्चमध्ये गेले. देसांका घरी रांधत होती आणि तेओदोराही, म्हणून तिथे दोघंच. देसांकाचा पाव उंच फुगलेला, वर पिठाची पाखरं आणि द्राक्षं. वुकाशिनचा एका बाजूने तडकलेला. पाद्रीबुवांनी पाव खालून क्रुसासारखा कापला, त्यावर वाइन ओतली, आणि यजमानाने पाव त्यांच्याबरोबर हातात धरून गोल फिरवायची वेळ आली. वुकाशिनचे हात कोणत्या बाजूला फिरायचं तेच विसरले. रादिवोयेने हळूच त्याच्या कोपराला धरून वळवलं.

"बरं झालं तुम्ही आहात, काका," तो कुजबुजला.

बाहेर पडल्यावर रादिवोये भराभर चालत सुटला. त्या तडकलेल्या पावाकडे बघून आपल्याला बरं वाटलं होतं, ही गोष्ट त्याला चालताना सतावत राहिली.

दुपारी सगळे आले. राजदूतबाई विदोसावा सर्वांत आधी, हातात फुलं आणि ओठांत न पेटवलेली सिगारेट. "स्लाव सुखाची होवो, यजमान!" त्यांनी मेणबत्तीपुढे क्रुसाची खूण केली, चमचाभर गोड गहू तोंडात टाकला, वर रकियाचा घोट. मागोमाग यागोदा आणि तिचा नवरा, मग मिलुटिन सहकुटुंब. त्या छोट्या दिवाणखान्यात खांद्याला खांदा लागू लागला. देसांकाने वाल शिजवून भट्टीत भाजले होते, लाल मिरचीचं आयवार होतं, आणि मधोमध बटाटे-कांद्यावर रचलेला खारवलेला बाकल्याव मासा. रादिवोये उभा होता. ग्लास रिकामा झाला की भरत होता. राजदूतबाईंनी त्याच्या जुन्या गोष्टींतली एक गोष्ट, खलाशी आणि पोपटाची, त्यालाच पुन्हा सांगायला लावली आणि सगळे हसले. किती महिन्यांनी. हे सगळं त्याचं होतं. शेवटी त्याचंच होतं.

"वूले आज लवकर पळाला," यागोदा म्हणाली.

"बिचाऱ्याला घरची आठवण येत असेल," राजदूतबाई म्हणाल्या. "पहिलं वर्ष परदेशात, आणि स्लाव बापाकडे. मला आधी माहीत असतं तर रजा दिली असती."

"पण घरी काहीतरी चाललंय त्याचं," मिलुटिन तोंडात घास घेऊन म्हणाला. "सकाळी मी हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या नेऊन दिल्या त्याला. होत्या नव्हत्या तेवढ्या. म्हटलं, कशाला रे एवढ्या? तर म्हणतो, असू देत, लागतील."

"नवरा-बायको खुर्च्याखुर्च्यांचा खेळ खेळणार असतील," यागोदाचा नवरा म्हणाला. पुन्हा हशा झाला. मग बोलणं भलतीकडे वळलं, घरभाड्यांकडे, मिलुटिनच्या मेव्हण्याकडे. खुर्च्यांचा विषय मागे पडला.

कोणाला काही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. रादिवोये बाकल्यावची थाळी दोन्ही हातांत धरून राजदूतबाईंच्या डाव्या खांद्यामागे उभा होता, आणि त्याला त्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या, भिंतीशी नीट ओळीत, आणि दाराशी उभा असलेला तो उंच पोरगा, जिन्यात पाऊल वाजलं की कोट सारखा करणारा. आपण स्वतः कसे उभे असतो हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यामुळेच दिसत होतं.

"त्याचे वडील नाहीत," तो म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. त्याने थाळी टेबलावर ठेवली.

"वूलेचे वडील जूनमध्ये गेले. आज त्याची पहिली मेणबत्ती आहे. तो वाट बघतोय."

यागोदाचा काटा हवेतच राहिला. "पण तुम्हीच म्हणालात, रादेकाका..."

"मीच म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं. नंतर त्यानेच सांगितलं."

"नंतर म्हणजे कधी?" राजदूतबाईंनी मागे न वळता विचारलं.

"आठवडा झाला."

देसांका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या तोंडाकडे बघायचं त्याने टाळलं.

राजदूतबाईंनी रुमालाने ओठ पुसले आणि उठल्या. "चला. उठा सगळे."

"आणि हा मासा?" मिलुटिनच्या तोंडून निघून गेलं.

"मासा तिथेही असेल. शुक्रवार त्यांच्याकडेही आहे."

खुर्च्या सरकल्या. कोट शोधले जाऊ लागले, कोणाची टोपी कोणाच्या हातात गेली. कोणी त्याला वाईट बोललं नाही. यागोदाने जाता जाता त्याच्या बाहीला हात लावला. राजदूतबाई दाराशी थांबल्या. बाकीचे खाली उतरेपर्यंत सिगारेट पेटवत राहिल्या.

"पोटात दुखत होतं तर माझ्याकडे यायचं होतंस, रादे. मला शिव्या घालायच्या होत्यास. ती जागा मी दिली त्याला, त्याने नाही घेतली."

"पाय दुखतात म्हणालात तुम्ही."

"मग काय म्हणू? तू नावं विसरायला लागलायस. दोनदा मी माणसाला त्याच्या मेलेल्या बायकोची खुशाली विचारली." त्यांनी धूर सोडला. "चुकलंच माझं. तोंडावर सांगायला हवं होतं. पण त्या पोराने काय घोडं मारलं होतं तुझं?"

त्या उतरून गेल्या. तो वळला तर देसांका कोटाची बटणं लावत होती, काखेत वालाचं भांडं.

"तू कुठे निघालीस?"

"स्लावेला."

"आपल्या घरची स्लाव टाकून?"

"यजमान तू आहेस. मी नाही. घर तू सोडायचं नाहीस, रीत आहे ना?" तिने 'रीत' हा शब्द अशा सुरात म्हटला की त्याला जागच्या जागी बसावंसं वाटलं. "उभा राहा."

तो उभा राहिला. अर्धवट ताटं, मोडलेला पाव, मेणबत्ती. आधी त्याला लाज वाटली, पोटभर वाटली. नावं विसरतो म्हणे. त्याने मनात समारंभातले लोक एकेक करून आठवून पाहिले आणि चौथ्याच माणसापाशी अडला. मग आणखी लाज वाटली. पण तास गेला तशी ती लाज हळूहळू पातळ झाली आणि तिच्याखालून जुनंच काहीतरी वर आलं. आता ते लोक तिथे पोचले असतील. तो पोरगा आता हसत असेल. राजदूतबाई कोणत्या खुर्चीत बसल्या असतील? गाणी सुरू झाली असतील का? आपल्याकडे गाण्यापर्यंत वेळच आली नव्हती. खरं बोलायचं तर जेवणं झाल्यावर बोलता आलं असतं. कॉफीनंतर. मासा तरी संपला असता.

असं मनात आल्याचं त्याला कळलं, आणि वाईटही वाटलं, पण विचार काही गेला नाही.

अंधारून आलं तेव्हा देसांका परतली. गाल लाल, भांडं रिकामं. तिने कोट काढला, खुंटीला लावला, आणि ताटं उचलायला लागली. त्यानेही उचलायला सुरुवात केली.

"दार उघडलं तेव्हा बोलताच येईना त्याला," ती म्हणाली. "तिथेच उभा. तेओदोरा मागे रडायला लागली. सगळी ताटं मांडलेली, एकाला हात लागलेला नाही."

"मग?"

"मग काय. राजदूतबाई म्हणाल्या, उशीर झाला, पण वयाचा मान म्हणून आधी रादेकडे गेलो. त्यानेच घाई करून पिटाळलं आम्हाला, म्हणाला, पोराची पहिली स्लाव आहे, इथे काय बसलाय."

रादिवोयेच्या हातातलं ताट टेबलावर टेकलं. "असं म्हणाल्या?"

"असंच म्हणाल्या. कोणी खोडून काढलं नाही. मीही नाही. आता उद्या सकाळी तो येईल तुझे आभार मानायला. म्हणत होता, बाबा गेल्यापासून असं माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं." देसांकाने त्याच्याकडे रोखून बघितलं. "घेशील ते आभार. मान खाली घालून घेशील. पळायचं नाहीस."

"नाही पळणार."

"बघू."

तिने उरलेला बाकल्याव एका भांड्यात काढला. तो अजून अर्ध्याहून जास्त होता, वरचे कांदे सुकून गेलेले. रादिवोये तिच्याकडे बघत राहिला. विचारू नये, आज तरी विचारू नये, हे त्याला कळत होतं.

"देसा."

"काय?"

"त्यांचा मासा कसा होता?"

देसांकाने भांड्यावर झाकण ठेवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि आज तर तिला ती लावून घ्यायचीही नव्हती.

"आपल्यापेक्षा चांगला," ती म्हणाली.

रादिवोयेने मान हलवली. त्या दिवसभरात त्याला पुष्कळ काही ऐकावं लागलं होतं, आणि ते सगळं त्याने सोसलं होतं. पण हे मात्र त्याच्या फार जिव्हारी लागलं.